भरलेली जखम, न भरलेली जखम

एक कृष्णधवल छायाचित्र आहे. वाळूत दोन सांगाडे एकमेकांशेजारी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवलेले. त्यांच्या बरगड्यांजवळ, मणक्यांपाशी, कमरेपाशी ठिकठिकाणी पेन्सिली ठेवल्या आहेत आणि प्रत्येक पेन्सिलीचं टोक दगडाच्या एकेका तुकड्याकडे रोखलेलं आहे. हे तुकडे कुणी श्रद्धेनं मृतांसोबत ठेवलेले नव्हते. बाण किंवा भाले शरीरात घुसले, त्यांचं लाकूड कुजून गेलं, मांस गेलं, आणि दगडी पाती जिथल्या तिथे राहिली. माणसानं माणसावर चालवलेल्या शस्त्रांच्या इतिहासात या एका छायाचित्राइतकं कुठलंच चित्र पुन्हा पुन्हा छापलं गेलं नसेल.

जागेचं नाव जेबेल सहाबा. सुदानच्या उत्तर टोकाला, वादी हल्फाजवळ, नाईलच्या काठी. आस्वानचं उंच धरण बांधायचं ठरलं तेव्हा न्युबियाचा मोठा भूभाग पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झालं. युनेस्कोच्या हाकेला ओ देऊन अनेक देशांची पथकं तिथे धावली. अबू सिंबेलची मंदिरं कापून वर हलवली गेली, त्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याच धावपळीत, 1960च्या दशकाच्या मध्यात, अमेरिकन पुरातत्त्वज्ञ फ्रेड वेंडॉर्फ यांच्या पथकानं वालुकाश्माच्या फरशांनी झाकलेली एक जुनी दफनभूमी खणून काढली. ती जागा आज नासर जलाशयाच्या तळाशी आहे. तिथे आता कुणालाच पुन्हा खणता येणार नाही. जे काही शिकायचं ते त्या वेळी उचललेल्या हाडांवरून आणि तेव्हाच्या नोंदींवरूनच. वेंडॉर्फ स्वतः दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना उजव्या हाताला गंभीर जखमी झालेले होते. शस्त्र शरीराचं काय करतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

दफनं किमान 13,400 वर्षांपूर्वीची. शेती नाही, गावं नाहीत, राजे नाहीत. शिकार, मासेमारी आणि कंदमुळं यांवर जगणारी माणसं. साठेक व्यक्तींपैकी सुमारे 40 टक्के हिंसाचाराला बळी पडल्या, असं वेंडॉर्फ यांनी नोंदवलं. मग ग्रंथांतून, मासिकांतून, संग्रहालयांच्या फलकांवरून एक वाक्य रूढ झालं: हे जगातलं सर्वांत जुनं युद्ध. एक लढाई, एक कत्तल, एक स्मशान. हे चित्र इतकं पक्कं बसलं की जवळजवळ अर्धं शतक ते फारसं कुणी हलवलं नाही.

ते हललं कसं, हे समजून घेण्यासाठी हाड जखम कशी जपून ठेवतं ते आधी पाहायला हवं. या पुस्तकाचा सगळा डोलारा त्याच माहितीवर उभा आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

जिवंत हाडात चुन्याच्या क्षारांबरोबर कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. क्षार हाडाला कठीणपणा देतात, कोलॅजन चिवटपणा. त्यामुळे ताज्या हाडावर घाव बसला की ते आधी किंचित वाकतं आणि मग फुटतं. भेगेच्या कडा तिरप्या आणि गुळगुळीत येतात, तडे घावाच्या जागेपासून चहूबाजूंना पसरतात, काही कपच्या तुटूनही जागेवर चिकटून राहतात. शेकडो वर्षं मातीत पडलेल्या हाडातलं कोलॅजन संपलेलं असतं. ते खडूसारखं कटकन मोडतं, कडा काटकोनात आणि खडबडीत येतात, आणि मोडलेला पृष्ठभाग बाकीच्या हाडापेक्षा फिका दिसतो, कारण मातीचा रंग त्यात मुरलेला नसतो. उत्खनन करणाऱ्याच्या कुदळीनं पडलेली खोक बहुधा या रंगावरूनच ओळखू येते. कवटीवर बाहेरून घाव बसला असेल तर भोक बाहेरच्या बाजूला लहान आणि आतल्या बाजूला पसरट होतं. आघात कुठून कुठे गेला हे त्यावरून कळतं.

तिसरी खूण सर्वांत मोलाची. माणूस जखमेनंतर जगला तर हाड कामाला लागतं. साधारण एक ते तीन आठवड्यांत तुटलेल्या कडा बोथट होऊ लागतात, नवं हाड धरू लागतं, पुढे सांध्यावर गाठ तयार होते आणि काही वर्षांनी तीही झिजून सपाट होते. भरलेली जखम म्हणजे तो माणूस त्या दिवशी मेला नाही याचा पुरावा. न भरलेली जखम मात्र एवढंच सांगते की ती मृत्यूच्या सुमारास झाली. ‘सुमारास’ हा शब्द इथे अगदी जाणूनबुजून वापरतात, कारण मरणानंतरही काही आठवडे किंवा महिने हाड ताजंच राहतं आणि ताज्या हाडासारखंच फुटतं.

जखमेची जागाही बोलते. डोक्यावर येणारा फटका अडवायला माणूस हात वर करतो आणि तो फटका कोपरापासून करंगळीच्या बाजूनं मनगटापर्यंत जाणाऱ्या हाडावर मध्यावर बसतो. ठेच लागून पडणारा माणूस तळहात टेकतो. त्याचं अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ मोडतं. असा फरक दहा हजार वर्षांनंतरही दिसतो. अर्थात एकट्या अशा हाडावरून मारामारी झाली असं ठामपणे म्हणणं धाडसाचं आहे. त्याच सांगाड्याच्या कवटीवरही खोक असेल, त्याच स्मशानातल्या आणखी पाचजणांचे हात तसेच मोडलेले असतील, तर गोष्ट वेगळी.

आता पुन्हा जेबेल सहाबा. वेंडॉर्फ यांनी हा सगळा संग्रह पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. तिथे फ्रान्सच्या इझाबेल क्रेवकर आणि म्युझियमचे डॅनिएल आंत्वान व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक हाड सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिलं. निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. 61 व्यक्तींपैकी 41 जणांच्या हाडांवर जखमा सापडल्या. आधी कुणाच्याही लक्षात न आलेल्या शंभरावर खुणा नोंदवल्या गेल्या. काही ठिकाणी तर हाडात अडकलेली पात्याची कपची इतकी बारीक होती की साध्या डोळ्याला ती वाळूचा कण वाटावी.

त्यातला एक सांगाडा, क्रमांक 31, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिशी ओलांडलेली व्यक्ती, बहुधा पुरुष. मानेच्या सातव्या मणक्यात दगडाचा एक तुकडा रुतलेला, दुसरा कमरेच्या हाडाच्या पुढच्या भागात. आणखी पंधराएक तुकडे शरीराच्या पोकळीत आणि आजूबाजूला. एवढं वेंडॉर्फ यांनाही माहीत होतं. फेरतपासणीत डाव्या खांद्याच्या फऱ्यावर आणि दंडाच्या हाडावरही शस्त्राच्या नव्या खुणा सापडल्या. ही पाती नीट पाहिली तर त्या माणसांचं कसब कळतं. टोकाला एक दगड बसवून ती थांबत नव्हती. बाणाच्या दांड्याला कडेनं तिरप्या धारेची छोटी पाती डिंकासारख्या पदार्थानं चिकटवत होती. असा बाण आत शिरताना शिरेला आणि स्नायूला कापत जातो, आणि रक्तस्राव वाढतो. हे शस्त्र मारण्यासाठी विचार करून बनवलेलं आहे.

फेरतपासणीतला कळीचा आकडा मात्र वेगळा आहे. जखमी 41 जणांपैकी 16 जणांच्या अंगावर भरलेल्या आणि न भरलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या जखमा होत्या. एकदा मार खाल्ला, वाचले, हाड सांधलं, काही काळ जगले, आणि पुन्हा कुणीतरी चाल करून आलं. एका दिवसाच्या कत्तलीत असं होत नाही. शिवाय काही कबरी नंतरच्या दफनांसाठी पुन्हा उघडलेल्या दिसतात. पुरुष, बायका आणि मुलं यांच्या जखमांत फारसा भेद नाही. चारपाच वर्षांची दोन मुलं एकाच खड्ड्यात पुरलेली आहेत आणि त्यांच्याही अंगावर घाव आहेत. समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन सैन्यांचं हे चित्र नव्हे. वर्षानुवर्षं, अधूनमधून पडणारे छापे, दबा धरून केलेले हल्ले असं आयुष्य ही माणसं जगत होती. त्या काळात हिमयुग सरत होतं, नाईलचं पात्र आणि तिचे पूर बेभरवशाचे झाले होते, आणि जगण्याजोगी जागा नदीकाठच्या अरुंद पट्ट्यात आक्रसली होती. संशोधकांनी या ताणाकडे बोट दाखवलं आहे आणि मला ते पटतं. तरी एक भान ठेवायला हवं. हवामान हाडावर सही करत नाही. पुराव्यात घाव आहे. कारण आपण शेजारी नेऊन ठेवतो.

भरलेल्या जखमांची दुसरीही एक बाजू आहे आणि ती नेहमी दुर्लक्षिली जाते. मोडलेला हात घेऊन, अंगात दगड घेऊन माणूस आठवडेच्या आठवडे जगला, तर त्या काळात त्याला कुणीतरी खाऊ घातलं, पाणी दिलं, मुक्काम हलला तेव्हा सोबत नेलं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 1996 साली सापडलेला केनविक मानव सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या कमरेच्या उजव्या हाडात भाल्याचं दगडी टोक घुसलेलं आहे आणि हाड त्याच्याभोवती वाढलेलं आहे. ऐन उमेदीच्या आधी खाल्लेला तो वार सोबत घेऊन हा माणूस पुढे अनेक वर्षं चालला, शिकार करत राहिला. इराकमधल्या शनिदर गुहेतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या निअँडरथल पुरुषाच्या डाव्या बरगडीवर खोल चीर आहे. ती भरू लागली होती, म्हणजे तो त्यानंतर काही आठवडे तरी जिवंत होता. स्टीव्हन चर्चिल आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या धडांवर वेगवेगळ्या जोरानं दगडी टोकं मारून पाहिली. हातात धरून भोसकलेल्या भाल्यापेक्षा दुरून फेकलेल्या हलक्या शस्त्राशी ती खूण अधिक जुळते, असं त्यांनी 2009 साली मांडलं. त्यांचं म्हणणं खरं असेल तर फेकणारा आपल्या जातीचा, म्हणजे आधुनिक मानव असण्याची शक्यता उघडी राहते. त्यापुढे जाऊन दोन मानवजातींच्या युद्धाची कादंबरी रचणं मात्र मला मान्य नाही.

हाड कमी बोलतं, हेही वाचकानं सुरुवातीलाच ध्यानात घ्यावं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात सैन्याच्या डॉक्टरांनी बाणांच्या जखमांच्या नोंदी ठेवल्या होत्या. जॉर्ज मिल्नर यांनी त्या तपासल्या तेव्हा साधारण तीन जखमांमागे एकाच जखमेत हाडाला इजा झालेली दिसली. पोटात घुसलेला बाण जीव घेतो आणि सांगाड्यावर ओरखडाही सोडत नाही. म्हणून स्मशानात मोजलेल्या जखमा हा नेहमी किमान आकडा असतो. आणि असलेला पुरावाही नजरेतून निसटतो. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेला ओत्झी हा 5,300 वर्षांपूर्वीचा माणूस, कातडीसकट टिकलेला. तो थंडीनं मेला असं सुरुवातीला सर्रास मानलं गेलं. बोल्झानोच्या डॉक्टरांना क्ष-किरण चित्रात त्याच्या डाव्या खांद्यामागे रुतलेलं गारेचं बाणाग्र दिसलं ते 2001 साली. पुढे कळलं की बाणानं हाताकडे रक्त नेणारी मुख्य धमनी फोडली होती. त्याच्या उजव्या हातावर एक खोल काप आहे, तो काही दिवस आधीचा, भरत आलेला. इथेही दोन वेगवेगळ्या वेळच्या जखमा आणि त्यामुळे दोन वेगवेगळ्या झटापटी.

शेतकऱ्यांच्या युरोपात चित्र बदलतं. जर्मनीतल्या टालहाइम गावी 1983 साली एका बागेत हाडांचा खच लागला: एकाच खड्ड्यात 34 माणसं, त्यांतली 16 मुलं, सुमारे 7,000 वर्षांपूर्वीची. कवट्यांना पडलेल्या भोकांचे आकार तिथल्याच वस्त्यांत सापडणाऱ्या दगडी वाकसांच्या छेदाशी जुळले. आपल्याकडे सुतार लाकूड तासायला वाकस वापरतो, तेच अवजार. झाडं तोडून शेत करणाऱ्या माणसांच्या घरातलं रोजच्या कामाचं हत्यार त्या दिवशी शेजाऱ्याच्या डोक्यात घातलं गेलं, आणि बरेच घाव मागून बसलेले आहेत. हातानं वार अडवल्याच्या खुणा फारशा नाहीत. शोनेक-किलियानश्टेटेन इथल्या तशाच खड्ड्यात अनेकांच्या नडग्या मुद्दाम मोडलेल्या आढळल्या. या दोन जागांवरचं प्रकरण लिहिताना मला सर्वांत जास्त त्रास झाला. त्यानंतर साडेतीन हजारांहून अधिक वर्षांनी थेट टोलेन्झे नदीचं खोरं येतं, जिथे 1996 साली दंडाच्या एका हाडात अडकलेलं गारेचं बाणाग्र सापडलं आणि त्यामागून कांस्ययुगीन रणभूमीवरची हजारो हाडं बाहेर आली. बहुतेक सगळी तरुण पुरुषांची. तिथे ‘लढाई’ हा शब्द वापरायला मला संकोच वाटत नाही.

आपल्या उपखंडात या विषयाची सुरुवातच एका चुकीच्या कथेनं झाली आणि ती अजून पुरती पुसली गेलेली नाही. मोहेंजो-दडोच्या गल्ल्यांत, पायऱ्यांवर सापडलेल्या सांगाड्यांवरून मॉर्टिमर व्हीलर यांनी 1940च्या दशकात बाहेरून आलेल्या आर्यांनी केलेल्या कत्तलीचा निष्कर्ष काढला आणि इंद्रालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. शाळेच्या पुस्तकांतून आपण पिढ्यानपिढ्या तेच शिकलो. जॉर्ज डेल्स यांनी 1964 साली दाखवून दिलं की हे सांगाडे एकाच थरातले, एकाच काळातले नाहीत. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली तेव्हा एकदोन कवट्या सोडल्या तर शस्त्राच्या घावाची खूणच नव्हती, आणि त्यातलीही एक जखम भरत आलेली होती. कत्तल कथेत होती, हाडांत नव्हती. याचा अर्थ सिंधू संस्कृतीत हिंसा नव्हती असाही होत नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांच्या पथकानं हडप्पाच्या कवट्या पाहिल्या, तेव्हा काही दफनांत डोक्यावरच्या घावांचं प्रमाण लक्षणीय निघालं. शांततेचं नंदनवन ही कल्पनाही मग तपासून घ्यावी लागते.

गंगेच्या मैदानात, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड जिल्ह्यात सराई नहर राय इथे जी. आर. शर्मा यांच्या उत्खननात मध्याश्मयुगीन दफनं मिळाली. त्यांत एका सांगाड्याच्या हाडात सूक्ष्मास्त्र रुतलेलं होतं. महाराष्ट्राचं उदाहरण नेमकं उलट कारणासाठी लागतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली पुरलेली दोनशेहून अधिक दफनं निघाली. लहान मुलं दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली. मोठ्या माणसांच्या सांगाड्यांना मात्र घोट्याखालची पावलंच नाहीत. कुणी अनोळखी अभ्यासक फक्त हाडं पाहील तर त्याला शिक्षा किंवा छळ सुचेल. दफनाची पद्धत पाहिली की कळतं, पावलं मरणानंतर तोडली गेली. मृतानं उठून चालत परत येऊ नये किंवा निघून जाऊ नये, असा काही समज त्यामागे असावा, असं उत्खनकांनी मांडलं. चार पायांच्या एका मोठ्या रांजणात बसवून पुरलेल्या पुरुषाची पावलं शाबूत आहेत, त्यामुळे तो कुणी मानाचा माणूस असावा असा त्यांचा कयास. हाडावर घाव आहे आणि तरी हिंसा नाही, याचा इतका स्पष्ट धडा मला दुसरीकडे मिळाला नाही. डेक्कन कॉलेजात सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी या सांगाड्यांवर जे काम केलं, त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही.

या सगळ्या पुराव्यावर एक जुना वाद स्वार झालेला आहे. माणूस मुळात हिंस्र, राज्यसत्तेनं त्याला आवरलं, हा एक पक्ष. माणूस मुळात शांत, शेती आणि मालमत्तेनं त्याला बिघडवलं, हा दुसरा. लॉरेन्स कीली यांच्या 1996 सालच्या पुस्तकानं पहिल्या पक्षाला बळ दिलं, तर ब्रायन फर्ग्युसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी वेचक उदाहरणांवर सरासरी काढण्याला आक्षेप घेतला. मी फर्ग्युसन यांच्या बाजूला झुकतो. ज्या स्मशानात जखमा सापडतात त्याची बातमी होते. ज्या स्मशानात काहीच सापडत नाही ते अहवालाच्या तक्त्यात पडून राहतं. तरीही नातारुकसारखी जागा समोर आली की डोळेझाक करता येत नाही. केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला 2012 साली 27 व्यक्तींचे अवशेष मिळाले, सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचे, रीतसर पुरलेले नसलेले. एका पुरुषाच्या कवटीत ऑब्सिडियनचं पातं रुतलेलं, आणि मृतांत एक गर्भवती स्त्री. मार्ता मिराझोन लाहर यांच्या पथकानं 2016 साली हे मांडलं, तेव्हा दुसऱ्या अभ्यासकांनी काही कवट्या मातीच्या दाबानं फुटल्या असाव्यात अशी शंका घेतली. त्या वादाचे दोन्ही बाजूंचे मुद्दे मी सविस्तर दिले आहेत, कारण वाचकानं निकाल ऐकण्यापेक्षा तपास पाहावा असं मला मनापासून वाटतं.

ही हाडं कुणाची तरी माणसं होती. केनविक मानवावर दोन दशकं न्यायालयात आणि प्रयोगशाळेत झगडा चालला. जनुकांवरून त्याचं नातं तिथल्या आदिवासी जमातींशी जुळलं आणि 2017 साली त्यांनी त्याला आपल्या रीतीनं पुरलं. मी जिथे जिथे सांगाड्याचं वर्णन केलं आहे तिथे घावाची माहिती देण्यापुरतंच केलं आहे.

प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे लावलेला नाही. प्रत्येक प्रकरणात पुराव्याची एक वेगळी अडचण आहे, आणि सोप्या अडचणीकडून अवघड अडचणीकडे आपण जाणार आहोत. सर्वांत जुना पुरावा योगायोगानं पहिल्याच प्रकरणात येतो. स्पेनमध्ये अतापुएर्का टेकड्यांत, सिमा दे लोस उएसोस या खोल विवराच्या तळाशी सुमारे 4,30,000 वर्षांपूर्वीची किमान 28 माणसं सापडली आहेत. त्यांतली कवटी क्रमांक 17 नोहेमी साला आणि सहकाऱ्यांनी 52 तुकड्यांतून जोडली. डाव्या डोळ्याच्या वर कपाळावर दोन भोकं आहेत. दोन्ही न भरलेली, दोन्हींचा आकार सारखा, पण घावाची दिशा वेगळी. विवरात पडून कवटी एकदा फुटू शकते. त्याच आकाराच्या वस्तूनं, दोन कोनांतून, जवळजवळ त्याच जागी दोनदा फुटणं मात्र अपघातानं जमत नाही.